कुठली ठाकुरवाडी?

भिसेगाव, कर्जत
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

संतोष,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहून खाली मला जे लिहायचं ते लिहिलं तर आशीर्वाद खोटा ठरेल, म्हणून सोडला आहे. मोठी बहीण म्हणून एवढी सूट मला असावी.

फोन करून पाहिला. तू उचलत नाहीस. पत्र निदान हातात तरी घ्यावं लागतं.

आपल्या ओ मंडळाला पंचवीस वर्षं होतात. १४ डिसेंबरला रौप्यमहोत्सव आहे आणि बडोद्याहून तू प्रमुख पाहुणा म्हणून येणार आहेस, हे मला गल्लीत दूध घेताना कळलं. स्मरणिकाही निघते आहे. मंडळाची सेक्रेटरी सुरभी कॉलेजात मराठी शिकवते, तिने मंडळाचा इतिहास लिहिला. लिहिते चांगली. तिची छपाईची कच्ची पानं तपासायला माझ्याकडे आली, कारण फोनची नोंदवही पहिल्या दिवसापासून माझ्या हातची आहे. कुणाचा फोन, कुठून, काय झालंय, कोण गेलं, माणूस वाचलं की नाही. अकरा वह्या झाल्या.

पहिल्या पानावर तू आहेस. 'संस्थापक संतोषजींनी स्वतः झोळी शिवून वाड्यावस्त्यांवरील रुग्णांना दवाखान्यात आणण्याचे व्रत घेतले.' तुला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. भाताची दोन पोती उसवून झोळी मी शिवली. दाभण माझा, सुतळी माझी. तू शेजारी बसून मंडळाला नाव काय द्यायचं याचा विचार करत होतास. नाव मात्र तुझंच, ते मी नाकारत नाही. 'कुणी हाक मारली की ओ द्यायची, म्हणून ओ मंडळ.' लोक हसले होते. आपले हे म्हणाले होते, "उद्या कोणी विचारलं कुठं जाता, तर सांगायचं ओ द्यायला?" तरी नाव टिकलं. संस्थापक तूच आहेस. झोळी तुझ्या नावावर राहिली तरी चालेल. तेवढ्यासाठी मी पोस्टात गेले नसते.

भांडण सहाव्या पानावरच्या परिच्छेदाचं आहे. तो जसाच्या तसा उतरवते.

'दि. ९ मार्च २००६ रोजी ठाकुरवाडी येथील एका आदिवासी गर्भवती महिलेपर्यंत अपुऱ्या माहितीमुळे मंडळाचे पथक वेळेत पोहोचू शकले नाही. "फोन मी घेतला होता, चूक माझी आहे," असे भर सभेत सांगून संस्थापकांनी अध्यक्षपदाचा त्याग केला. सेवेच्या इतिहासात असे उदाहरण विरळाच.'

फोन तू घेतला नव्हतास. तू बाजारात मोटारसायकलचं पंक्चर काढत बसला होतास. फोन आपल्या घरातला, घेतला मी. साजगावच्या वरच्या ठाकुरवाडीतून होता. वहीत मी नुसतं 'ठाकुरवाडी' लिहिलं. आपल्या दोन तालुक्यांत ठाकर आदिवासींची वस्ती दिसली की ठाकुरवाडी, हे शेंबड्या पोराला माहीत. तू वही बघितलीस आणि घाटातली, रेल्वेची ठाकुरवाडी धरलीस. आपल्या टेंपोवाल्या हारूनभाईंनी पळसदरीपर्यंत नेलं आणि तिथून तुम्ही चौघे झोळी घेऊन रुळाच्या कडेने घाट चढलात. वर रेल्वेच्या केबिनमधला माणूस म्हणाला, "इथं कोण बाळंतीण? इथं मी आणि माकडं." तिकडे साजगाववर बाळ दुपारीच गेलं आणि बाई संध्याकाळी गेली.

फोन खरखरत होता. नीट ऐकू आलं नाही. पण म्हणून तो तुझा होत नाही.

तो परिच्छेद काढायला सांग. सुरभी माझं ऐकत नाही. म्हणते, "संस्थापकांनी स्वतः पाठवलाय मजकूर, ताई." तो काढ, नाहीतर खरा कर. दोन्हींतलं काही करणार नसशील तर १४ तारखेला येऊ नकोस.

जयवंता


भिसेगाव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

संतोष,

उत्तर मला नाही, ह्यांच्या फोनवर पाठवलंस. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. 'आबाजीदाजी, बायला सांगा, जुनं उकरू नये. मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं होतं.' खाली हात जोडलेलं चित्र.

हे म्हणाले, "घे. तुझ्यासाठी केलं म्हणतो. आता काय करशील?"

मी म्हटलं, "त्याचं त्याला परत करीन."

खरंच सांग, मला विचारलं होतंस? १२ मार्चची सभा आठव. मी वही घेऊन उठत होते. घरातून ठरवून आले होते की उभं राहून सांगायचं. तू माझ्या आधी उठलास. "फोन मी घेतला, मी सांगितलं तेवढंच बायने लिहिलं." सगळे तुझ्याकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, याला म्हणतात मोठं मन. मी वही मिटून खाली बसले. मी बसले, हा माझा दोष. पण पुन्हा उठायला जागाच तू ठेवली नाहीस. त्यानंतर खरं सांगितलं असतं तर तू खोटा पडला असतास, आणि आई होती तेव्हा. आई गेली. मग वाटलं आता काय. अशी एकोणीस वर्षं.

आणि तू काय केलंस त्या चुकीचं? शेजारच्या माधवीच्या लेकीने मला तुझी भाषणं दाखवली. 'चुकीची जबाबदारी घेणारा नेता.' बडोद्याला एक, पुण्याला एक. दोन्हींत तू त्याच वाक्याला थांबतोस, चष्मा काढतोस, डोळे पुसतोस. दोन्हींत डावा आधी. समोर बसलेले टाळ्या वाजवतात. माझ्या चुकीवर तू शाली घेतल्यास, संतोष. मला ती चूक देवासमोर मांडायलाही लाज वाटते, कारण कागदोपत्री ती तुझी आहे.

हारूनभाईंचं बघ. त्यांचा यात तिळाएवढाही दोष नाही. वहीत लिहिलं तिथे गाडी नेली. तरी बाजारात आजसुद्धा कुणी भाडं सांगायला आलं की पानवाला ओरडतो, "हारूनभाई, कुठली ठाकुरवाडी ते इचारून घ्या!" ते हसतात. त्यांनी तुझ्यासारखा त्याग केला नाही. टेंपो चालवत राहिले आणि फोन आला की अजून जातात.

आता एक माझंही. गेल्या पत्रात लिहिलं की फोन खरखरत होता. नव्हता. आवाज स्वच्छ होता. त्या माणसाने पूर्ण गाव सांगितलं होतं. मी अर्धं लिहिलं कारण वहीची तेवढीच एक ओळ उरली होती आणि एका नोंदीसाठी नवीन पान काढायचं माझ्या जिवावर आलं. माझी सवय तुला माहीत आहे, पाकीट उलटं करून त्यावर वाणसामानाची यादी लिहिणारी मी. हे कारण आहे.

रविवारी मी साजगाववर जाते आहे. त्या बाईच्या नवऱ्याला, कमळ्याला, सांगायला. हारूनभाई नेतो म्हणालेत. टेंपोत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भाभी, माहीत आहे तरी विचारतो. कुठली?"

तुझी परवानगी मागत नाही. कळवते आहे.

जयवंता


भिसेगाव
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

संतोष,

हे पत्र चार वेळा लिहिलं. तीन चुलीत घातली. मी कागद चुलीत घालते, यावरून समज.

ठरल्याप्रमाणे रविवारी, १६ तारखेला, मी ह्यांच्याविनाच गेले, ह्यांचे गुडघे चढ चढत नाहीत. रस्ता आता वाडीच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेला आहे, पुढे पायवाट. हारूनभाई म्हणाले, "भाभी, मी टेंपोपाशी थांबतो." मी म्हटलं, "चला. तुम्हालाही ऐकायचा हक्क आहे."

कमळ्या घराचा कूड लिंपत होता. कोपरापर्यंत हात शेणामातीचे. पन्नाशीचा असेल. साजगावच्या कंपनीत कंत्राटावर जातो, रविवारी सुट्टी. आम्हाला बघून थांबला नाही. पोरीकडून घोंगडं टाकून घेतलं आणि लिंपत राहिला.

मी म्हटलं, "मी जयवंता. भिसेगावची. मंडळाचा फोन घेते ती."

"वळखतो. आवाज वळखतो. तोंड आज बघितलं."

म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्यांना ओ देते, त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं. मी कधी वर चढलेच नव्हते. हे मला तिथे उभी राहून कळलं.

मी फिरवून बोलले नाही. म्हटलं, "तुमच्या सोमीच्या वेळचा फोन माझ्या भावाने घेतला नव्हता. मी घेतला होता. गाव अर्धं मी लिहिलं."

त्याने मातीचा गोळा कुडावर थापला, तळव्याने पसरवला. म्हणाला, "म्हायीत हाय."

"कुणी सांगितलं?"

"तुज्या भावानं. सोमीच्या धाव्याला आला व्हता. हितंच बसला, रडला. म्हनला, सभेत मी माजं नाव घेन, पन तुमाला खोटं कसं सांगू. भईन हाय माजी. तिला कायी बोलू नका, ती जीव देल. आमी बोललो नाय."

संतोष, दहावा १८ तारखेला आणि सभा १२ तारखेला. तेव्हा नाव घेऊन झालं होतं, 'घेन' नव्हे. त्याचं आठवणं चुकलं असेल किंवा तुझं सांगणं. ते मी तुझ्यावर सोडते. पण एवढं कळलं की सभेत तू माझी चूक खांद्यावर घेतलीस आणि वाडीवर जाऊन माझ्याच नावाने उतरवलीस. खाली टाळ्या, वर माफी. दोन्हीकडे तू मोकळा. मध्ये मी.

आणि त्या लोकांनी तुझा शब्द पाळला. एकोणीस वर्षं.

तुझ्या इतिहासात आणखी एक वाक्य आहे. 'त्या घटनेनंतर संस्थापकांनी नियम घालून दिला की फोन करणाऱ्याकडून गावाचे पूर्ण नाव घ्यावे व ते त्याला वाचून दाखवावे.' मलाही तसंच वाटत होतं. तू बडोद्याला गेल्यावर प्रत्येक वाडीवरून फोन आला की माणूस आधी गाव सांगायचा, मग म्हणायचा, "लिवलंस? आता वाच." मला वाटायचं, संतोषने शिकवून ठेवलंय.

कमळ्या म्हणाला, "त्यो कशाला शिकवल? मी सांगितलं समद्या वाड्यांना. चालत फिरलो. म्हनलं, बाई गाव अर्धं लिवती. तिच्याकडून वाचून घ्या, मगच फोन ठेवा. फुडं कोनाची बाय मरायला नको."

म्हणजे ते माझी परीक्षा घेत होते. रोज. आणि मी दर खेपेला वाचून दाखवत होते आणि मनात म्हणत होते, काय अडाणी लोक, एवढाही भरवसा नाही.

हारूनभाई उठून पायवाटेपर्यंत जाऊन आले.

मग कमळ्याने पहिल्यांदा हात थांबवले. पाण्याच्या डब्यात बुडवून धुतले. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"भावाला शबुद दिला व्हता, तिला बोलनार नाय म्हनून. आता तू सोताहून आलीस. आता बोलू का?"

मी म्हटलं, "बोल."

"तू वाचत व्हतीस."

मी पदर डोक्यावर ओढला.

"फोनमदी. मी सांगतोय साजगावच्या वरली ठाकुरवाडी, बाय अडलीय, नि तिकडून देवाचं चाललंय. बारीक आवाजात. मला वाटलं, घरात दुसरी कोन बाय वाचतीय. मंग तू म्हनलीस 'बरं', नि फुडं त्याच आवाजात परत देवाचं. तवा समाजलं, तूच. मी तीनदा गाव सांगितलं. फोनच्या डब्यात टाकायला एकच रुपाया व्हता. त्यो सरला."

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. एकोणीस वर्षं त्याच्या तोंडात होतं ते, आणि एवढंच होतं.

आता तुला सांगते. खरखर नव्हती आणि ओळ संपली म्हणून पान वाचवलं, हेही खरं नव्हतं. पुढच्या पानावर भरपूर जागा होती, वही काढून बघितली. माझं सप्ताहाचं पारायण होतं. अध्याय अर्ध्यावर टाकून उठू नये, मध्ये बोलू नये. फोन देवघराशेजारी. मी रिसीव्हर खांद्यात धरला, डाव्या हाताचं बोट ओवीवर ठेवलं, उजव्या हाताने वहीत एक शब्द लिहिला आणि तोंडाने वाचत राहिले. दोन्ही होईल असं वाटलं. अध्याय पुरा झाला. आरती केली. मग वही तुला दाखवली, गावाचं उरलेलं नाव तोवर कानातून गेलं होतं.

हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं, आईला नाही, देवाला तर अजिबात नाही, त्याच्याच नावाने झालं होतं ना. तुला माहीत नव्हतं. जगात फक्त त्या एका माणसाला माहीत होतं.

म्हणून तुझं त्याग वगैरे जे काही आहे, ते कमी पडतं, संतोष. तू उचललंस ते 'गाव अर्धं लिहिलं'. तेवढं माझं नव्हतंच. जे माझं होतं त्याला तुझा हात लागलेला नाही.

मी कमळ्याच्या पाया पडायला वाकले तर तो मागे सरला. "नको. तुमची मानसं पाया पडली का लगेच घरी जाऊन जेवतात." मग थोड्या वेळाने म्हणाला, "छापताय म्हनं पुस्तक. हारूननी सांगितलं. त्यात तिचं नाव हाय का?"

मी पान डोळ्यांसमोर आणलं. एक आदिवासी गर्भवती महिला.

म्हटलं, "नाही."

"बघ मंग," म्हणाला, आणि परत कुडाकडे वळला.

उतरताना हारूनभाई पुढे चालत राहिले. टेंपो चालू करताना म्हणाले, "भाभी, मी इतकी वर्षं स्वतःला शिव्या घालतोय, की पळसदरीला वळताना एकदा फोन करून विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "तुम्ही केला असतात तर मी अध्याय संपवून उचलला असता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

जयवंता


भिसेगाव
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

संतोष,

परवा तू फोन केलास. आईच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला, आणि पहिलं वाक्य काय? "बाय, तू हे छापलंस तर मी खोटा ठरतो."

मी तेव्हा ठेवून दिला, कारण भांडायला नीट सुचत नव्हतं. आता सुचलं आहे. ठर. मी बुधवारी कार्यकारिणीत वही उघडून सगळं सांगितलं, मीही ठरले. काही होत नाही. दोन-चार बायका देवळात माझ्यापासून जरा लांब बसल्या. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी नेहमीच्याच वेळेला आलं. हे जेवताना म्हणाले, "एवढी वर्षं शेजारी झोपलो, आणि मला कार्यकारिणीत कळायचं?" त्यांचा राग मला कळतो. तो अजून गेलेला नाही आणि मी घालवायला गेलेली नाही.

मंडळाचा आताचा अध्यक्ष, आपला नवीन, म्हणाला, "काकू, रौप्यमहोत्सव आहे, आता कशाला?" मी विचारलं, "मग कधी? सुवर्णमहोत्सवाला? तेव्हा कमळ्या नसेल, मी तर नसेनच." सुरभी फक्त म्हणाली, "पोथीचं वाक्य वगळूया का ताई? लोकांच्या भावना असतात." मी म्हटलं, "पोथी माझी, वाचत होते मी, भावना कुणाच्या दुखायच्या?" तिने मान खाली घालून टाईप केलं. सहावं पान आता असं आहे.

'दि. ९ मार्च २००६. साजगावच्या वरची ठाकुरवाडी येथून कमळ्या यांचा फोन. फोन जयवंता आबाजी यांनी घेतला. त्या पोथी वाचत होत्या आणि त्यांनी वाचन थांबवले नाही. गावाचे नाव अर्धे लिहिले गेले. पथक घाटातील ठाकुरवाडीस गेले. सोमी कमळ्या, वय बावीस, त्याच संध्याकाळी वारली. तिचे बाळही गेले. गावाचे पूर्ण नाव घेऊन ते वाचून दाखवण्याचा नियम कमळ्या यांनी वाडीवाडीवर चालत जाऊन घातला. मंडळ तो आजही पाळते.'

सोमीचं वय मी कमळ्याला फोन करून विचारलं. आधी त्याने माझ्याकडून गाव वाचून घेतलं.

तुझ्या त्यागाचं वाक्य काढलं आहे. खाली 'संस्थापक : संतोष' तसंच ठेवलं आहे, मोठ्या अक्षरात. ते तुझं आहे आणि ते माझ्याकडून जाणार नाही. तू नाव दिलंस, माणसं जमवलीस, पहिल्या तीन वर्षांत सत्तर वेळा झोळीखाली खांदा दिलास. नोंदी मी मोजल्या आहेत, राग असूनही मोजल्या. त्यांतले किती जगले तेही लिहिलं आहे. ती शाल घे.

पण भाषणांतून माझी चूक काढून टाक. सांगायचीच असेल तर माझं नाव घेऊन सांग, पोथीसकट. चष्मा काढू नकोस.

येतोस की नाही, ते तू ठरव. येऊ नकोस असं आता म्हणत नाही. आलास तर तुझी खुर्ची स्टेजवर नसेल, नवीनला मी तसं सांगितलं आहे आणि तो नाराज आहे. तू खाली, पहिल्या रांगेत. तुझ्या एका बाजूला हारूनभाई, दुसऱ्या बाजूला मी.

स्टेजवर कमळ्या बोलणार आहे. त्याला भाषण येत नाही, तो म्हणाला, "दोन शबुद बोलीन, तिचं नाव घेन नि बसन." माईकशी झगडेल, अडखळेल, कदाचित बराच वेळ गप्पही उभा राहील. तुला सवय आहे, अशा वेळी उठून माईक हातात घ्यायची, पुढचं वाक्य सुचवायची, टाळ्या सुरू करायची.

तो बोलत असेल तेव्हा तू उठू नकोस. मध्ये काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही.

बाय